दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी डोळ्यांसाठी आधी काय करावं, नंतर काय

तहसील असो, पंचायत समिती असो, पतसंस्था, आपले सरकार सेवा केंद्र नाहीतर वाळूजच्या कंपनीतलं अकाउंट्स, नव्यानं संगणकावर बसलेल्या पोरापोरींची तक्रार महिना-दोन महिन्यांत एकच असते: "डोळे लई चुरचुरायलेत." मग मेडिकलवरून कसले तरी थेंब येतात, पगार झाला की 'कॉम्प्युटरचा चष्मा' येतो, आणि तरी संध्याकाळी कपाळ ठणकायचं ते ठणकतंच. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी नोंदणीचं काम करते. या फेऱ्यातून मीही गेले आहे, आणि नवीन माणूस आला की तेच तेच सांगत बसते. म्हणून एकदाचं क्रमानं लिहून काढलं.

क्रम महत्त्वाचा आहे. खर्चाच्या गोष्टी शेवटी ठेवा. आधी हवा आणि टेबल, मग अक्षरं, मग सवय, मग चष्म्याचा नंबर, आणि थेंब त्याच्याही नंतर. बहुतेक जण नेमकं उलट्या बाजूनं सुरू करतात.

घाबरून जायचं कारण नाही. स्क्रीनकडं बघून डोळे कायमचे खराब होत नाहीत. त्रास मात्र खरा असतो आणि त्याची मुख्य कारणं दोन. एक, माणूस एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी लववतो. स्क्रीनवर नजर लागली की हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतं, आणि जी पापणी लवते तीही पुरती मिटत नाही. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर वाळतो आणि चुरचुर सुरू होते. दुसरं, जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्याच्या आतला स्नायू आवळलेला राहतो आणि दोन्ही डोळे नाकाकडं वळलेले राहतात. हे तासन्‌तास चाललं की डोकं दुखतं.

हाताशी काय लागेल

- मोजपट्टी किंवा टेलरचा टेप
- एक कोरा पांढरा कागद
- छोटी वही किंवा मोबाइलमधली नोंद
- झेरॉक्सच्या कागदाचे एक-दोन रिम (स्क्रीन उचलायला, रिकामं खोकं नको, ते दबतं)
- जुना चष्मा आणि नंबरची जुनी चिठ्ठी असेल तर ती

१. आधी ही लक्षणं नाहीत ना, ते बघा

एका डोळ्यानं अचानक कमी दिसायला लागणं. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होणं किंवा काळे ठिपके एकदम वाढणं, बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटणं. डोळा लाल होऊन जबर दुखणं, सोबत मळमळ आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं. एकाची दोन दिसणं. यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडं जा. हा संगणकाचा थकवा नव्हे.

सकाळी पापण्या चिकटलेल्या, पू-चिपड आणि लाली असेल तर ते डोळे येणं आहे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर त्याची साथ होती, ती आठवत असेल. त्यासाठीही डॉक्टरच लागतात. आणि तोवर कार्यालयातला सामायिक टॉवेल वापरू नका.

२. त्रास नेमका कोणता, ते लिहून ठेवा

"डोळे दुखतात" एवढ्यावर डॉक्टरलाही काही करता येत नाही. आठवडाभर रोज एक ओळ लिहा: किती वाजता, काय झालं, तेव्हा काय करत होते.

यातून बरंच कळतं. जेवणाच्या सुट्टीनंतर पंख्याखाली बसलं की चुरचुर, डोळ्यात खडा गेल्यासारखं, मधूनच पाणी येतं, तर कोरडेपणा. पाणी येतं आणि तरी कोरडे कसे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. डोळ्याचा पृष्ठभाग वाळला की तो बोचतो, आणि त्या बोचण्याला उत्तर म्हणून भसकन पाणी येतं. ते गालावरून वाहून जातं, डोळ्यावर टिकत नाही.

कार्यालयातून बाहेर पडल्यावर समोरच्या बसची पाटी काही वेळ धूसर दिसते आणि मग नीट होते, तर स्नायू आवळून बसलेला आहे. भुवयांच्या वर दुखतं, ओळी एकमेकींत मिसळतात, एक डोळा झाकला की बरं वाटतं, तर नंबर किंवा दोन्ही डोळ्यांच्या जुळणीची तपासणी हवी. आणि मान व खांदा आधी दुखतो, डोळे नंतर, तर टेबलाकडं बघा.

३. हवेचा झोत तोंडावरून हटवा

आपल्याकडं हे सगळ्यात मोठं कारण आहे, असं माझं ठाम मत झालंय. पुण्या-मुंबईकडचे सल्ले एसीवर बोलतात. आपल्याकडं मार्चपासून कूलर लागतो आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४० च्या पुढं असताना प्रत्येकाला कूलरच्या तोंडासमोरची खुर्ची हवी असते. कार्यालयात त्यावरून भांडणं होतात. आणि ज्याला ती खुर्ची मिळते, तोच चार वाजता डोळे चोळत बसतो.

कूलर हवेत ओलावा घालतो हे खरंच. पण झोत सरळ चेहऱ्यावर आला की डोळ्यावरचा पाण्याचा थर उडूनच जातो. शिवाय गवताची जाळी मागच्या वर्षीची, टाकीत तळाशी गाळ, म्हणजे हवेबरोबर धूळ आणि बुरशीचा वास फुकट. हे करा:

झोत छातीच्या खाली किंवा पाठीमागून येईल असा कूलर फिरवा. फिरत नसेल तर पुढच्या पट्ट्या खाली करा. छताचा पंखा डोक्यावरच असेल तर खुर्ची हातभर बाजूला घ्या. एसी असेल तर पट्ट्या वर करा. हंगाम सुरू होताना जाळी नवीन बसवायला सांगा आणि टाकी आठवड्याला धुऊन घ्या. शिपाईमामांना एकट्याला जुंपू नका, मदतीला उभे राहा, म्हणजे काम दर आठवड्याला होतं.

झोत लागतो की नाही हे बघायची सोपी रीत आहे. नेहमीच्या जागेवर बसा आणि कागदाची बारीक पट्टी डोळ्यांच्या समोर, नाकाच्या शेंड्याजवळ धरा. पट्टी फडफडली तर झोत लागतोय.

हिवाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा पंखा बंद असूनही त्रास होऊ शकतो. तेव्हा सहावी पायरी जास्त कामाला येते.

४. टेबल: अंतर, उंची, खिडकी आणि कागद

खुर्चीत पाठ टेकवून बसा आणि हात सरळ पुढं करा. बोटांची टोकं स्क्रीनला जेमतेम टेकली पाहिजेत. टेपनं मोजलं तर डोळ्यापासून ५० ते ७० सेंटिमीटर. हा आकडा वहीत लिहून ठेवा, सातव्या पायरीला लागेल.

उंचीची गंमत वेगळीच आहे. सरकारी कार्यालयात मॉनिटर आडव्या सीपीयूवर ठेवलेला असतो, वर आणखी एखादी जुनी फाईल. स्क्रीन डोळ्यांच्या वर जाते. वर बघायला डोळे टक्क उघडे राहतात, जास्त भाग हवेला लागतो आणि लवकर वाळतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी; म्हणजे नजर सहज थोडी खाली झुकलेली राहते आणि पापणीही अर्धी खाली येते. मॉनिटर टेबलावर उतरवून बघा, त्याच दिवशी फरक जाणवेल. लॅपटॉपवाल्यांचं उलट असतं, त्यांची स्क्रीन फार खाली. रिम खाली ठेवून ती उचला आणि कीबोर्ड वेगळा जोडा. वेगळा कीबोर्ड न घेता नुसता लॅपटॉप उचलला तर मनगटं धरतील.

खिडकी पाठीमागं असेल तर तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं; समोर असेल तर उजेड डोळ्यात. दोन्ही वाईट. खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवा. स्क्रीन बंद करून तिच्यात बघा: ट्यूबलाइट, खिडकी, मागचं स्टीलचं कपाट, जे जे चमकताना दिसेल ते काम करतानाही डोळ्याला खटकत असतं. मला तर सगळ्यात जास्त त्रास त्या करड्या लोखंडी कपाटाच्या हँडलचा होता. त्यावर जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलं.

आता कागद. आपल्या कामात निम्मा वेळ नजर कागदावर असते. फेरफार नोंदवही, पीक पाहणीचे अर्ज, हजेरीपट. कागद टेबलावर आडवा पडलेला, स्क्रीन उभी, आणि डोळे मिनिटाला कितीदा तरी या अंतरावरून त्या अंतरावर. २०२३ साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी निजामकाळातले जुने अभिलेख काढून तपासायचं काम मराठवाड्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत चाललं, तेव्हा ज्यांनी ती पिवळी पडलेली, शाई उडालेली पानं वाचली, त्यांना विचारा कागद कुठं ठेवावा ते. उत्तर: स्क्रीनच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच अंतरावर, उभा. कागद धरायचा स्टँड मिळतो. नाही मिळाला तर देवघरातल्या पोथीचा जुना पाट किंवा जाड पॅड भिंतीला तिरपं टेकवून क्लिप लावा. कागदावर प्रकाश कमी पडत असेल तर छोटा टेबललॅम्प द्या, पण त्याचं तोंड कागदाकडं, स्क्रीनकडं नको.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर एकच बल्ब चालतो आणि अंधाऱ्या खोलीत स्क्रीन मात्र लखलखीत. पीक विम्याची मुदत जवळ आली की सेवा केंद्रांत रात्री उशिरापर्यंत हेच चित्र असतं. तेवढ्यापुरता स्क्रीनचा उजेड उतरवायला विसरू नका.

५. स्क्रीनवरची अक्षरं मोठी करा

फुकटातला उपाय, आणि तरी कुणी करत नाही. मराठीत तर जास्त गरज आहे. इंग्रजी अक्षर लहान असलं तरी वाचता येतं. देवनागरीत वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि रकार, मध्ये जोडाक्षर. लहान आकारात 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', ऱ्हस्व-दीर्घ सगळं सारखं दिसतं. नावात चूक झाली की दुरुस्तीचा अर्ज आपल्याच टेबलावर येतो, म्हणून आपण डोळे बारीक करून पुढं झुकतो. मान, डोळे, कपाळ, सगळ्यांची वाट तिथूनच लागते.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, आणि तिथं 'स्केल'. १०० टक्के असेल तर १२५ करा. ब्राउझरमधल्या पोर्टलसाठी कंट्रोलचं बटण दाबून अधिकचं चिन्ह दाबा. काही जुनी पोर्टलं मोठी केल्यावर 'सबमिट'चं बटण स्क्रीनबाहेर जातं. तेवढ्यापुरतं लहान करा आणि परत मोठं करा. वर्डमध्ये काम करताना फाँटचा आकार बदलायची गरज नाही, नुसता झूम वाढवा, छपाई जशीच्या तशी येते.

उजेडासाठी तो कोरा कागद घ्या. स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि कागद शेजारी धरा. स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली वाटली तर उजेड कमी करा, मळकट वाटली तर वाढवा. दोन्ही जवळपास सारखे दिसले की थांबा. दुपारची आणि संध्याकाळची जुळणी वेगळी असते.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं काहींना मानवतात. सिलिंडरचा नंबर (बुबुळाची गोलाई सगळीकडं सारखी नसल्यानं लागणारा) असलेल्यांना ती पसरल्यासारखी दिसतात. ज्याचं त्यानं बघावं.

६. पापणी मिटा आणि लांब बघा

नियम प्रसिद्ध आहे: दर २० मिनिटांनी, २० फूट लांब, २० सेकंद. आकडे कुणी मोजून-मापून काढलेले नाहीत, लक्षात राहावेत म्हणून तसे आहेत. मुद्दा एवढाच की स्नायू सैल पडला पाहिजे, आणि तो लांब बघितल्यावर सैल पडतो. मोबाइल बघणं ही विश्रांती नव्हे; तो तर स्क्रीनपेक्षाही जवळ धरलेला असतो.

रांग लागलेली असताना घड्याळ लावून उठता येत नाही, हे मला माहीत आहे. मी कामाशी जोडून घेतलंय. सर्व्हर गोल गोल फिरायला लागला की नजर खिडकीबाहेर. तो दिवसातून इतक्यांदा फिरतो की नियम आपोआप पाळला जातो! प्रिंट निघताना, ओटीपीची वाट बघताना तसंच. समोरच्या माणसाचं म्हणणं स्क्रीनकडं बघत ऐकण्याऐवजी त्याच्याकडं बघून ऐका. त्यालाही बरं वाटतं.

पापणीचा सराव वेगळा. डोळे हलके मिटा, दोन सेकंद थांबा, उघडा. असं आठ-दहा वेळा. जोरात आवळायचं नाही. एवढ्यानं अश्रूंचा थर परत पसरतो.

७. नंबर काढायला जाताना

वरचं सगळं पंधरा दिवस करून फरक पडला नाही तर तपासणी करा. चाळिशी ओलांडली असेल तर पंधरा दिवसही थांबू नका, सरळ जा.

आपल्याकडं डोळ्याचा दवाखाना म्हटलं की मोतीबिंदू. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने आणि त्यांची शिबिरं घरोघरी माहीत, त्यामुळं "ते म्हाताऱ्या माणसांचं" असं डोक्यात बसलंय. पंचविशीतल्या मुलालाही थोडा अधिक नंबर किंवा अर्धा-पाऊण सिलिंडर असू शकतो. शाळा-कॉलेजात तो खपून जातो. दिवसाचे आठ तास स्क्रीनवर गेले की बाहेर येतो.

*कुठं जायचं:* तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतील तर नंबर तिथंच निघतो. कोणत्या वारी असतात ते आधी विचारून घ्या. नाहीतर जिल्हा रुग्णालयाचा नेत्र विभाग. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, म्हणजे छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची महाविद्यालयं, या निर्णयात येत नाहीत. तिथं केस पेपरचे सुटे पैसे ठेवा. कंपनीत असाल आणि ईएसआयसी कापली जात असेल तर त्यांच्या दवाखान्यातून सुरुवात करा. खासगी नेत्रतज्ज्ञ आता बहुतेक तालुक्यांच्या गावी आहेत.

*सोबत काय न्यायचं:*

- आधार कार्ड
- जुना चष्मा आणि जुनी नंबरची चिठ्ठी
- वापरत असलेल्या थेंबांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी
- रोजच्या गोळ्यांची नावं (सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात)
- शुगर असेल तर अलीकडचा रिपोर्ट
- तुमची आठवड्याची वही आणि स्क्रीनचं मोजलेलं अंतर

आता नेहमीचे खड्डे.

सकाळी जा. दिवसभर काम करून संध्याकाळी गेलात तर आवळलेल्या स्नायूमुळं उणे नंबर जास्त निघू शकतो.

मशीनवर हनुवटी टेकवून चिठ्ठी निघते, तो अंतिम नंबर नसतो. ती फक्त सुरुवात. त्यानंतर काचा बदलून बदलून "हे बरं की ते बरं" विचारलं गेलंच पाहिजे. काही दुकानांत मशीनच्या चिठ्ठीवरच चष्मा बनवून देतात. तिथून उठा.

स्क्रीनचं अंतर तोंडानं सांगा. जवळचा नंबर साधारण ३५-४० सेंटिमीटरवर पुस्तक धरून तपासतात. चाळिशीनंतर तोच चष्मा लावून ६० सेंटिमीटरवरची स्क्रीन धूसर दिसते आणि माणूस पुढं पुढं सरकतो. "माझी स्क्रीन इतक्या अंतरावर आहे, त्याचा नंबर बघा" असं सांगितलं की वेगळा नंबर निघतो.

बाहुली मोठी करायचं औषध टाकलं तर काही तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही राहतं. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत येऊ नका, घरचं कुणी सोबत घ्या, काळा गॉगल ठेवा आणि अर्ध्या नव्हे, पूर्ण दिवसाची रजा टाका.

शुगर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो. ती आटोक्यात आल्यावरच चष्मा बनवा. आणि मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचाच, मग त्रास असो वा नसो.

८. चष्म्याच्या दुकानात

पहिला प्रश्न येईल: "ब्ल्यू कट टाकायचं ना?" नको म्हणा. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. तिनं २०२३ साली अशा १७ चाचण्या एकत्र बघितल्या, आणि निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी संगणकाचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. आपल्या उन्हात स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश डोळ्यात जातो. नंबर शून्य असताना नुसती ब्ल्यू कटची काच विकतात, ते तर घेऊच नका. तेवढ्या पैशात कागदाचा स्टँड आणि टेबललॅम्प येतो.

काचेवरची चमक मारणारं कोटिंग मात्र घ्या. मागच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत पडत नाही.

दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजलं का, हे बघा. फ्रेम निवडल्यावर पट्टी धरून किंवा मशीननं ते मोजतात. न मोजता बनवलेल्या चष्म्यानं नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं.

चाळिशीपुढच्यांसाठी: खाली कप्पा असलेला दोन नंबरी चष्मा स्क्रीनसाठी निकामी. कप्प्यातून बघायला हनुवटी वर करावी लागते, आणि संध्याकाळी मान धरते. प्रोग्रेसिव्ह (लांबचा, मधला आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला) चालतो, पण त्यातला मधल्या अंतराचा पट्टा अरुंद असतो आणि महाग पडतो. दिवसभर स्क्रीनच असेल तर स्क्रीनच्या अंतराचा एकच नंबर असलेला साधा चष्मा करून तो कार्यालयातच ठेवा. तो लावून दुचाकी चालवायची नाही, एवढं लक्षात ठेवा. माझ्या मते यात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त आराम आहे.

नवीन चष्मा आठ-दहा दिवसांत सवयीचा होतो. नाही झाला तर दुकानातून नाही, ज्यांनी नंबर काढला त्यांच्याकडून परत तपासून घ्या.

९. थेंब

कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रू मिळतात. बहुतेकांत कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के असतं. दिवसातून तीन-चार वेळा ठीक. त्याहून जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (थेंब टिकवायचं रसायन) नसलेले मागा, कारण ते रसायनच डोळ्याला बोचायला लागतं. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख पेननं लेबलवर लिहा. साधारण महिन्यानंतर, किंवा बाटलीवर जी मुदत असेल त्यानंतर, उरलं तरी फेकून द्या. खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू न देता, आणि मग मिनिटभर डोळे मिटून.

आता खरा धोका. मेडिकलवर "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हटलं की कधी कधी स्टेरॉइडचे थेंब हातात पडतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काही लिहिलं असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय डोळ्यात घालू नका. दोन दिवसांत इतकं गार वाटतं की माणूस महिनोन्‌महिने घालत राहतो, आणि आत डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. अगदी तरुण वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. लाली घालवणारे, नाफाझोलिन असलेले थेंबही रोजचे नव्हेत; सोडले की लाली दुप्पट होऊन येते.

पापण्यांच्या कडा जड वाटत असतील तर रात्री गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडानं मिटलेल्या डोळ्यांना पाच-दहा मिनिटं शेक द्या. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी मोकळ्या होतात, आणि अश्रू लवकर न उडण्यासाठी तेच तेल लागतं. मे महिन्यात गरम शेक म्हटलं की घरचे हसतात. हसू द्या.

१०. घरगुती उपायांबद्दल थोडक्यात

मध, दूध, तूप, गुलाबपाणी, एरंडेल, कुणीतरी गावाहून आणलेला अर्क: डोळ्याच्या आत काहीही घालायचं नाही. सुरमा तर नाहीच, त्यात शिसं असू शकतं. मिटलेल्या डोळ्यांवर काकडी किंवा गार कापड ठेवायला हरकत नाही. काशाच्या वाटीनं तळपाय घासून 'उष्णता' काढायची आमच्या आजीची रीत होती. त्यानं नंबर जात नाही, पण झोप झकास लागते, आणि झोप झाली की दुसऱ्या दिवशी डोळे बरे असतातच.

११. साहेबांकडं अर्ज

टेबल फिरवायला, पडदा लावायला, कूलरची जाळी बदलायला कुणाची तरी परवानगी लागते. "डोळे दुखतात" असं तोंडी सांगितलं की "आमचे नाही का दुखत" हे उत्तर ठरलेलं. लेखी द्या आणि मागणी छोटी, मोजता येईल अशी ठेवा. असं लिहिता येईल:

*विषय: संगणक टेबलाची जागा बदलणे व खिडकीस पडदा बसविणेबाबत.*

*महोदय, माझ्या टेबलावरील संगणकाच्या पडद्यावर पाठीमागील खिडकीचा प्रकाश परावर्तित होत असल्याने नोंदी वाचताना अडचण येते व नावांमध्ये चुका होण्याची शक्यता आहे. तरी टेबल उत्तरेकडील भिंतीलगत हलविण्यास परवानगी मिळावी, तसेच खिडकीस एक पडदा व कागद ठेवण्यासाठी एक स्टँड उपलब्ध करून द्यावा, ही विनंती. सोबत नेत्रतपासणीच्या कागदाची छायांकित प्रत जोडली आहे.*

डोळ्यांपेक्षा 'नावांमध्ये चुका' या शब्दांवर काम लवकर हलतं. आउटसोर्सिंगवर असाल तर अर्ज कार्यालयप्रमुखांच्या नावे आणि एक प्रत एजन्सीला. नाहीतर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. चार-पाच जणांना तोच त्रास असेल तर एकत्र सह्या करा, एकट्यावर रोख येत नाही. पडदा, जाळी आणि स्टँड हा किरकोळ खर्च आहे, तो मार्चअखेरच्या आधी मागा. एप्रिलमध्ये मागितलं तर तरतूद यायची वाट बघत अर्धा उन्हाळा जातो. आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडं ठेवा.